कपाळावरचा अकरा

माझ्या दोन भुवयांच्या मधोमध अकराचा आकडा आहे. म्हणजे दोन उभ्या रेघा. चेहऱ्याच्या व्यवसायातले लोक त्यांना अकराच म्हणतात, हे मला अलीकडे कळलं. गणिताची शिक्षिका म्हणून माझा पहिला आक्षेप असा, की हा अकरा इंग्रजी माध्यमाचा आहे. आपल्या ११ला डोक्यावर गाठ असते, खाली शेपूट असतं. नुसत्या दोन काठ्या उभ्या करून त्याला अकरा म्हणणाऱ्याचा मी अर्धा मार्क कापते. तीस वर्षं ठाण्याच्या एका मराठी शाळेत आठवी-नववीला गणित शिकवलं आणि कपाळावर उमटला तो हा असला आकडा. टिकली लावली की ती दोन्ही रेघांच्या बरोबर मध्ये बसते आणि अकराचे एक पूर्णांक एक दशांश होतात. बाकीच्या बायकांचं ते सौभाग्याचं लेणं, माझं दशांशचिन्ह.

मुलांनी माझं नाव ‘समांतर’ ठेवलंय. समांतर बाई आल्या, समांतर बाईंचा तास, समांतर बाईंनी वही फाडली. मी फळ्यावर प्रमेय लिहीत असताना मागच्या बाकावरून हे नाव पहिल्यांदा कानावर आलं, तेव्हा मी वळून बघितलं नाही. नाव ठेवणाऱ्याला भूमिती कळत होती, त्याला शिक्षा कशी करणार? शिवाय त्या दोन रेघा हे माझं भांडवल होतं. पट्टी हातात घेऊन मारायचा काळ गेला, ओरडायला घसा राहिला नाही, मग उरल्या त्या आठ्या. वर्गाच्या दारात उभं राहून कपाळाला आठ्या घातल्या, की बासष्ट मुलं आपापल्या बाकावर बसायची. असा कमी खर्चाचा शैक्षणिक प्रकल्प दुसरा नसेल.

आता मी छप्पन्न वर्षांची आहे. दोन वर्षांनी निवृत्त होणार. शाळा सुटेल, आठ्या राहतील. ज्या हत्याराने नोकरी केली ते नोकरी संपल्यावर शाळेत जमा करता येत नाही, हीच सगळी अडचण आहे. हल्ली मी अगदी निवांत, खुशीत, चहाचा कप हातात घेऊन गॅलरीत बसलेली असले तरी शेजारीण विचारते, “काय झालं? बरं नाही का?” रिक्षावाला सुटे पैसे मागायच्या आतच माफी मागतो. भाचीच्या साखरपुड्याच्या फोटोंत सगळे हसताहेत आणि मी मुलाकडच्यांची उत्तरपत्रिका तपासल्यासारखी उभी आहे. मी खरं म्हणजे त्या क्षणी जिलबीचा विचार करत होते.

हे सगळं सुरू झालं २०२० साली. तोवर माझा आणि माझ्या चेहऱ्याचा संबंध दिवसातून दोनदा, आरशापुरता. आरशासमोर माणूस तयारीनिशी जातो. हनुवटी वर, पोट आत, चेहऱ्यावर ‘मी ही अशी असते’ असा खोटा भाव. मग शाळा बंद झाल्या आणि मोबाइलवर तास घ्यायची वेळ आली. पुस्तकांच्या चळतीला फोन टेकवून मी बहुपदींचे अवयव पाडायला लागले. समोर मुलांच्या चौकटी, त्यातल्या निम्म्या काळ्या, आणि कोपऱ्यात एक बाई. कोणाची तरी आई बहुतेक, मुलाच्या मागे येऊन बसलेली, आणि माझं शिकवणं तिला अजिबात पसंत नसलेली. मी मनात म्हटलं, बाई फारच रागीट दिसतात. मी पाणी प्यायले तर त्याही प्यायल्या.

इतकी वर्षं मुलं काय बघत होती ते मला त्या दिवशी दिसलं.

निसर्गाने खरं म्हणजे याची सोय केलेली असते. सुरकुत्या आणि चाळिशी एकाच सुमाराला देण्यात त्याचा मोठेपणा आहे. चेहऱ्यावर बघण्यासारखं काही उमटायला लागतं तेव्हाच जवळचं दिसेनासं होतं, आणि आरसा नेहमी जवळच असतो. चष्मा लावावा तर रेघा चष्म्याच्या दांडीमागे जातात. माणसाने मध्ये लुडबुड केली नाही, तर हा व्यवहार शेवटपर्यंत सुखाने चालतो. आमच्याकडे लुडबुड झाली. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी नवी लेन्स बसली, आणि पट्टी काढून घरी आल्यावर आंघोळीला गेलेल्या सासूबाई मोरीतल्या आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग बाहेर येऊन म्हणाल्या, “आरसा बदला. खराब झालाय.” दोन दिवसांनी त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “तूही खराब झालीस गं,” त्या म्हणाल्या. आवाजात खरी कळकळ होती.

तेव्हापासून त्यांना हॉलच्या या टोकावरून स्वयंपाकघरातल्या भाजीतली अळी दिसते. ही माहिती वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

सुरकुत्यांवरच्या इंजेक्शनचा विषय घरात आला तो आमच्या भिशीतल्या एका मैत्रिणीमुळे. मार्चमध्ये तिला भिशी लागली, एप्रिलमध्ये ती आली ती वेगळीच. नक्की काय वेगळं ते सांगता येईना. केस तेच, साडी जुनी, पण कपाळ मात्र आदल्या रात्री सारवल्यासारखं. “पंचकर्म केलं,” ती म्हणाली. दुसरी म्हणाली, “प्राणायाम असेल.” तिसरीने लगेच केरळचा पत्ता मागितला. साबुदाण्याची खिचडी थोडी खारट झाली होती. एरवी अशा वेळी ही मैत्रीण पहिल्या घासाला भुवया वर नेते. त्या दिवशी तिने घास खाल्ला, डोळे मोठे केले, आणि भुवया जागच्या हलल्या नाहीत. ते बघून मी तिला मोरीपाशी गाठलं. कबुली दिली तिने. तीन आठवड्यांपूर्वी घेतलं होतं.

हे मी घरी सांगितल्यावर सासूबाईंनी सगळं नीट समजावून घेतलं. सुई विषाची असते, ती ज्या स्नायूला देतात तो चार महिने हलत नाही, मग हळूहळू पुन्हा हलायला लागतो. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, “जिभेला देतात का?” कोणासाठी विचारलं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्यांच्या प्रश्नातलं विष मात्र खरं आहे. शिक्षकाला कुठलीही गोष्ट मुळापासून वाचायची खोड असते, तशी मी ही वाचली, आणि आता भिशीत मला कोणी शेजारी बसवून घेत नाही. गोष्ट जर्मनीतून सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या वुर्टेम्बर्ग भागात सॉसेज खाऊन माणसं मरत होती. युस्टिनस केर्नर नावाचा एक डॉक्टर त्याच्या मागे लागला. हा माणूस डॉक्टर तर होताच, पण नावाजलेला कवीसुद्धा होता. दोन्ही व्यवसायांना शोभेल असं वागून त्याने ते विष स्वतःवरही करून बघितलं आणि काय काय होतं ते लिहून ठेवलं. विषाने मज्जातंतूंचा निरोप पोचत नाही हे त्याने ओळखलं, आणि पुढेमागे याचा औषध म्हणून उपयोग होईल असंही १८२२ साली म्हणून ठेवलं. लॅटिनमध्ये सॉसेजला बोटुलस म्हणतात. आपण ज्याला मोठ्या थाटात बोटॉक्स म्हणतो, त्या नावाचं मूळ असं खाटकाच्या दुकानात आहे. ही माहिती आमच्या शाकाहारी भिशीत मी अजून सांगितलेली नाही.

पुढे १८९५ साली बेल्जियमच्या एका खेड्यात कोणाच्या तरी मयतीला बँडवाले बोलावले होते. वाजवून झाल्यावर त्यांना जेवायला डुकराचं खारवलेलं मांस दिलं. चौतीस जण जेवायला बसले होते. बरेच आजारी पडले, तिघे दगावले. एमिल व्हॅन एर्मेंगेम या जंतुशास्त्रज्ञाने त्या मांसातून या विषाचा जंतू शोधून काढला. मयतीच्या जेवणातून चिरतारुण्याचा शोध लागावा, हे आपल्याकडच्या एखाद्या कीर्तनकाराला सुचलं असतं तरी लोक म्हणाले असते, बुवा फार ताणतात.

त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे डॉक्टर ॲलन स्कॉट. तिरळ्या डोळ्याचा ओढून धरणारा स्नायू सैल करायला त्यांनी हे विष अगदी कणाएवढं वापरलं, आणि १९८९ साली अमेरिकी सरकारने त्याला औषध म्हणून मान्यता दिली. पण माझी आवडती पात्रं कॅनडातली आहेत. व्हँकुव्हरमध्ये जीन कॅरुथर्स नावाच्या नेत्रतज्ज्ञ होत्या. पापण्या आपोआप गच्च मिटण्याच्या विकारावर त्या हेच इंजेक्शन देत. १९८७च्या सुमाराला त्यांची एक पेशंट चिडली. या खेपेला भुवयांच्या मध्ये का दिलं नाही म्हणून. तिथे दिलं की माझा चेहरा कसा शांत, समाधानी दिसतो, अशी तिची तक्रार. जीनबाईंचे यजमान त्वचारोगतज्ज्ञ. बाईंनी संध्याकाळी घरी जाऊन त्यांना सांगितलं, आणि दोघांनी मिळून पहिला प्रयोग केला तो आपल्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टवर. मोठमोठे शोध घरच्या जेवणात लागतात आणि पगारी माणसावर तपासले जातात. २००२ साली अमेरिकेत भुवयांमधल्या रेघांसाठी म्हणून त्याला रीतसर परवानगी मिळाली, आणि जगभरच्या अकरांचे ग्रह फिरले.

आतलं काम कसं चालतं ते माझ्या आठवीलाही समजेल. मुख्याध्यापकांनी सूचना काढली, तर ती वर्गावर आपोआप पोचत नाही. शिपाई सूचनावही घेऊन येतो, बाई सही करतात, मग सूचना वाचली जाते. मेंदूकडून कपाळाकडे ‘आठ्या घाला’ ही सूचना नेणाऱ्या शिपायाचं नाव ॲसिटिलकोलीन. हे विष त्या शिपायाला कार्यालयातच कोंडून ठेवतं. मुख्याध्यापक आत संतापलेले, सूचना लिहून तयार, आणि वर्ग बाहेर मजेत. तीन-चार महिन्यांनी मज्जातंतू पुन्हा कामाला लागतात, शिपाई सुटतो, सूचना यायला लागतात. या विषाइतकं जालीम विष जगात क्वचितच असेल, आणि ते आपण भुवयांच्या मध्ये टोचून घेतो, अंगठ्याएवढ्या जागेतल्या स्नायूचा पाय मोडायला.

या नादात माणूसच पडलाय असंही नाही. सौदी अरेबियात रियाधजवळ उंटांची सौंदर्यस्पर्धा भरते, कोट्यवधींची बक्षिसं असतात. २०२१च्या डिसेंबरात तिथे चाळीसहून जास्त उंट बाद ठरवले, बोटॉक्स आणि तसले इतर उद्योग केल्याबद्दल. उंटाचा ओठ जितका लोंबता तितका तो देखणा समजतात. म्हणजे आम्ही जे वर उचलून घ्यायला पैसे देतो, ते खाली पडावं म्हणून उंटाचा मालक पैसे देतो. उंटाला मात्र कोणी विचारत नाही. निदान त्याला भिशीत खोटं तरी बोलावं लागत नाही.

घरी हा विषय काढल्यावर आमच्या ह्यांनी पहिली प्रतिक्रिया दिली ती तत्त्वज्ञानाची. “वय कसं स्वीकारावं माणसाने. नैसर्गिक.” हे बोलताना ते मोरीत स्टुलावर बसले होते, अंगात भोकांचा बनियन, खांद्यावर जुना टॉवेल, खाली वर्तमानपत्र, आणि डोक्यावर कलप. महिन्यातून दोन रविवार हा कार्यक्रम असतो. बेसिनवर उडालेले काळे डाग पुसायचं काम माझ्याकडे. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. “याची गोष्ट वेगळी आहे,” ते म्हणाले. “हे सगळेच लावतात.”

सगळेच लावतात, हे खरं आहे. आमच्या इमारतीतल्या साठीपुढच्या मंडळींचा हिशेब मांडला तर मूळ सामान निम्मंच उरलंय. दात कवळीचे, डोळ्यांत लेन्स, गुडघे धातूचे, केस कलपाचे, दोघांच्या हृदयात स्प्रिंगा. ते सगळं उपचार, आणि दोन भुवयांमधली बोटभर जागा तेवढी नैसर्गिक राखायची! पुराणातही असा भेदभाव नाही. च्यवन ऋषींना अश्विनीकुमारांनी तरुण करून दिलं, त्यांच्या नावाचा प्राश आपण दर थंडीत मुलांना चाटवतो. ययातीने तर पोटच्या पोराचं तारुण्य मागून घेतलं आणि हजार वर्षं वापरून मग परत केलं. त्यापेक्षा चार महिन्यांत आपलं आपण उतरणारं, कोणाच्याही मुलाला न लुबाडणारं तारुण्य बरंच सभ्य म्हणायचं.

सरकारची भूमिका स्वच्छ आहे. आजारावरच्या उपचाराला जीएसटी नाही, सौंदर्यासाठी केलेल्याला आहे. मेडिक्लेमवाले तर फोनवर हसलेच. मग मी उदाहरण मांडलं. एका शिक्षिकेच्या भुवयांमध्ये २० युनिट, डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना मिळून २४ आणि कपाळाच्या आडव्या रेघांना २० युनिट औषध लागते. एका युनिटचा दर ३५० रुपये असून वर्षातून तीन वेळा इंजेक्शन घ्यावे लागल्यास वार्षिक खर्च किती? उत्तर ६७,२०० रुपये, जीएसटी वेगळा. सदर शिक्षिकेने आपल्या सासूबाईंचं वय गाठायचं ठरवल्यास अठ्ठावीस वर्षांचा एकूण खर्च किती? उत्तर १८,८१,६०० रुपये, भाववाढ शून्य धरून. हे वाचून निवृत्त बँक अधिकारी असलेले आमचे हे कलपासकट उठून उभे राहिले. “एवढ्यात मुलीकडे पुण्याला छोटा फ्लॅट,” ते म्हणाले. मी म्हटलं, फक्त भुवयांमधलंच घेणार आहे. वीस युनिट, सात हजार. ते पुन्हा बसले.

आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. आधी मला कळेना. मग लक्षात आलं, माणूस स्वप्न बघतोय. बायकोच्या कपाळाला आठ्या नाहीत! चार-चार महिने! गॅसचं बुकिंग विसरलो, आठी नाही. मित्राला न विचारता जेवायला आणलं, आठी नाही. “घेच तू,” ते म्हणाले. “सात हजार म्हणजे काही फार नाही.”

मी त्यांना शिपायाची गोष्ट सांगितली. “म्हणजे राग येणार?” त्यांनी विचारलं. येणार. तेवढाच? तेवढाच. “फक्त मला दिसणार नाही?” दिसणार नाही. ते बराच वेळ गप्प बसले. कलप सुकून कानामागे ओघळला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. “मग मला कळणार कसं?” ते म्हणाले. तीस वर्षांच्या संसारात या माणसाला इतकं खरोखर घाबरलेलं मी बघितलं नव्हतं.

कारण आमचं घर कपाळावर चालतं. एकत्र कुटुंबात, सासूबाईंच्या कानांदेखत, नवरा-बायकोला बोलायला भाषा लागते, ती आम्ही भुवयांची केली. दोन्ही भुवया किंचित वर म्हणजे ‘पाहुण्यांना जेवूनच जा म्हणा’. दोन्ही वर आणि तिथेच थांबलेल्या म्हणजे ‘म्हणालात तर बघा’. लग्नाच्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या चार ओळी ओलांडून उजवी भुवई म्हणजे ‘उठा, साडेसातची लोकल आहे’. आणि डावी भुवई, जराशी, म्हणजे ‘यावर तोंडातून एक अक्षर काढायचं नाही, काय सांगायचं ते तुम्ही जुळवा’. ही शेवटची खूण सर्वांत अवघड. ती शिकायला त्यांना अकरा वर्षं लागली.

वर्गातही तेच. आठ्यांनी मुलं गप्प बसतात ही वरवरची गोष्ट. खरा उपयोग उलट्या दिशेने होतो. तिसऱ्या बाकावरच्या मुलाला गणित कळलं नाही की त्याचं कपाळ आक्रसतं, आणि ते बघताबघता, आपल्या नकळत, माझंही आक्रसतं. मला कळतं ते तिथून. तो हात वर करणार नाही, पण माझं कपाळ त्याचा प्रश्न वाचून मला सांगतं. २०११ साली अमेरिकेत दोन मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केला होता. बोटॉक्स घेतलेल्यांना दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखायला थोडं जड गेलं, कारण आपण समोरच्याची नक्कल करतो आणि त्या नकलेवरून त्याचं मन ताडतो. एका प्रयोगावर भरवसा ठेवायचा नसतो हे मीच मुलांना शिकवते. पण वाचताना मला तिसरा बाक आठवला, आणि कपाळाला आठी पडली.

आणखी एक शंका होती, ती मात्र मी कोणालाच बोलून दाखवली नाही. मी जन्मले तेव्हा आजीने सटवाईची पूजा मांडून ठेवली होती, कोरा कागद आणि लेखणीसकट. ती रात्री येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते. ते अक्षर वाचता कोणालाच येत नाही, पण जागा ठरलेली आहे, आणि ती जागा म्हणजेच डॉक्टर सुई टोचतात ती. छप्पन्न वर्षं घालून तिच्या मजकुराखाली दोन रेघा मी स्वतः ओढल्यात. खोडरबर फिरवताना नेमकं कोणाचं लिखाण जातं ते विचारायला हवं होतं. पण असलं काही त्वचेच्या डॉक्टरला विचारलं तर ते मनाच्या डॉक्टरकडे पाठवतात.

मे महिन्याची सुट्टी लागली आणि आम्ही गेलो. राम मारुती रोडवरच्या गर्दीतून वर, पहिल्या मजल्यावर, काचेचं दार. आत इतका थंडावा की वय तसंच टिकावं. काउंटरवरच्या मुलीने मान वर केली आणि म्हणाली, “काकू, फॉर्म भरा.” जिथे वय उतरवून देतात त्या दुकानाच्या दारातच काकू! फॉर्ममध्ये प्रश्न होता, तुमच्या चेहऱ्याबद्दल तुम्हाला काय आवडत नाही? उत्तराला तीन ओळी. मी पुरवणी मागणार होते.

डॉक्टर तरुण मुलगी होती. कपाळ असं, की त्यावर रेघ सोडा, शंकाही कधी उमटली नसावी. पण मुलगी सरळ निघाली. चेहरा हलला की ज्या रेघा पडतात त्या जातील, म्हणाली, पण स्वस्थ बसल्यावरही ज्या दिसतात त्या पूर्ण जाणार नाहीत, फिकट होतील. वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेल्या पैठणीसारखं आहे, उलगडली तरी घडीची खूण राहते. गाल उतरलेत त्याला या सुईचा उपयोग नाही. (उतरलेत हे तिने न विचारता सांगितलं.) क्वचित पापणी थोडी खाली येते, काही आठवड्यांनी सुधारते. घेतल्यावर चार तास आडवं व्हायचं नाही, चोळायचं नाही. उन्हात टोपी, सनस्क्रीन. सगळ्यात जास्त नुकसान उन्हाने होतं, हे ऐकून मला पुण्याच्या स्कूटरवरच्या मुली आठवल्या. डोळे सोडून सगळं डोकं स्कार्फमध्ये बांधणाऱ्या. पंचवीस वर्षं आम्ही त्यांना हसलो, त्याही हसत असतील, फक्त स्कार्फमुळे दिसलं नाही.

“टिकली काढता?” ती म्हणाली. मी काढली आणि सवयीने समोरच्या आरशाला लावली. भोवती बारा दिवे असलेला तो परदेशी आरसा, त्याला जन्मात पहिल्यांदा टिकली लागली असेल.

“आता रागावून दाखवा.”

“कोणावर?”

“कोणावरही. आठ्या घाला जोरात.”

आणि काय सांगू, येईनात. तीस वर्षांचा अनुभव, बासष्ट मुलांचा वर्ग, आणि परीक्षेच्या दिवशी पेन चालेना. मी डोळे बारीक केले, ओठ आवळले. डॉक्टर म्हणाली, हे हसू आहे. कोपऱ्यातल्या खुर्चीवर हे बसले होते. त्यांनी घसा खाकरला आणि हळूच म्हणाले, “अगं, मघाशी सांगायचं राहिलं. निघताना गिझर चालूच राहिला.”

“थांबा, थांबा!” डॉक्टर ओरडली. “असंच धरून ठेवा!” तिने पांढरी पेन्सिल घेतली आणि भराभर पाच ठिपके काढले. एक मधोमध, दोन इकडे, दोन तिकडे.

मी म्हटलं, आज नको. विचार करून सांगते. डॉक्टरला वाईट वाटलं नाही. सवय असावी. काउंटरवरच्या मुलीने पुढच्या शुक्रवारची वेळ पेन्सिलने लिहिली आणि या खेपेला “ओके मॅम” म्हणाली. आम्ही तलावपाळीवरून चालत निघालो. शेंगदाणेवाला माझ्याकडे जरा जास्तच बघत होता. पाणीपुरीवाल्याने न मागता एक पुरी जास्त दिली. दोन मुलं समोरून आली, बहुतेक माझीच, नववी ब, आणि ‘समांतर’ न पुटपुटता गेली. मला वाटलं, नुसतं जाऊन आल्यानेच फरक पडला की काय.

दार सासूबाईंनी उघडलं नाही, त्या हॉलच्या पार त्या टोकाला माळ ओढत बसल्या होत्या. गिझर बंद होता. यांनी तो बंद करूनच घर सोडलं होतं. मी चप्पल काढून वाकले, सरळ झाले, आणि माळ थांबली.

“टिकली कुठाय?” सासूबाई म्हणाल्या. “आणि कपाळावर हे पाच ठिपके कसले? मुंडावळ्याच बांधायच्या राहिल्यात. कुठे गेला होतात दोघं?”

मी ह्यांच्याकडे बघितलं. डावी भुवई, जराशी.

“रांगोळीच्या क्लासला,” हे म्हणाले.